धातूचे भाकीत आणि जिल्ह्याचा विश्वास

जैतापूरच्या नियोजित अणुविद्युत प्रकल्पाविषयी रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे वीस वर्षे वाद चालू आहे. माडबनच्या सड्यावरील जमीन, साखरी नाट्याच्या मच्छिमारांची उपजीविका, हापूसच्या बागा, भूकंपाची शक्यता, विजेचा दर, परदेशी कंपनीची विश्वासार्हता अशा अनेक प्रश्नांवर सभा झाल्या, मोर्चे निघाले, पुस्तिका छापल्या गेल्या. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा बळीही गेला. प्रकल्प मात्र अद्याप कागदावरच आहे. या सर्व वादात एका साध्या प्रश्नाची चर्चा फार थोडी झाली. ज्या पोलादी पात्रात अणूंचे विभाजन घडवून आणावयाचे, ते पोलाद साठ वर्षे टिकेल हे कोणी, कशाच्या आधारे सांगितले?

साठ वर्षांचा आकडा काल्पनिक नाही. जैतापूरसाठी ज्या फ्रेंच ‘ईपीआर’ जातीच्या सहा अणुभट्ट्या योजिल्या आहेत, त्यांचे आयुष्य तेवढे धरलेले असते. परंतु या जातीची पहिली भट्टी चीनमधील ताइशान येथे २०१८ साली सुरू झाली. म्हणजे साठ वर्षे चालून दाखविलेली अशी एकही भट्टी जगात नाही, आणि असण्याचा संभव नाही. तेव्हा साठ वर्षांची ग्वाही ही अनुभवाची नसून अनुमानाची आहे. त्या अनुमानाचा वाढता भाग आज संगणकावर तयार होतो. धातूच्या अंतरंगात अणूंची जी मोडतोड होते, तेथे जे वायू अडकून बसतात, त्यांचे गणित मांडून भविष्य वर्तविणारे हे शास्त्र आहे. ते काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे समजून घेणे रत्नागिरीच्या शिक्षकाला, कारकुनाला आणि विद्यार्थ्याला अनावश्यक वाटण्याचे कारण नाही.

धातूच्या अंतरंगात

कोकणातल्या माणसाला सच्छिद्र पदार्थाचे नवल नाही. त्याचे घर जांभ्या दगडाचे असते आणि जांभ्याची छिद्रे डोळ्यांना दिसतात. ती छिद्रे जमेस धरूनच गवंडी भिंतीची जाडी ठरवितो. पोलादाचा गुळगुळीत पत्रा मात्र एकसंध भासतो. वस्तुतः त्यातही जागा रिकाम्या असतात. धातूतील अणू शाळेच्या कवायतीतील मुलांप्रमाणे रांगांनी उभे असतात. पण कोठे एखादी जागा रिकामी असते, तर कोठे एखादा आगंतुक दोन रांगांच्या मधल्या फटीत शिरलेला असतो. धातू वितळण्याच्या बेतात येतो तेव्हा दर दहा हजार जागांमागे साधारण एक जागा रिकामी असते. हे वैगुण्य निसर्गदत्त आहे. त्याच्यावाचून धातूला ना ठोकून आकार देता येईल, ना त्याचे मिश्रण करता येईल.

अणुभट्टीत या वैगुण्याला निराळे रूप येते. युरेनियमच्या विभाजनातून निघालेल्या न्यूट्रॉनपाशी सरासरी वीस लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा असते. लोखंडाच्या एका अणूला त्याच्या जागेवरून उखडण्यास सुमारे चाळीस पुरतात. साहजिकच न्यूट्रॉनचा एक तडाखा बसलेला अणू शेजाऱ्यांना ढकलतो, ते आपापल्या शेजाऱ्यांना ढकलतात आणि एका सेकंदाच्या अब्जांश भागापेक्षाही कितीतरी कमी वेळात शेकडो, कधी हजारो अणू विस्थापित होतात. त्यांतील बहुतेक लगेच कोठल्या तरी रिकाम्या जागी परततात. थोडे परतत नाहीत. या थोड्यांची बेरीज वर्षानुवर्षे होत राहते.

त्यात वायूंची भर पडते. पोलादातील निकेल किंवा बोरॉन यांच्या अणूने न्यूट्रॉन गिळला, तर त्यातून हेलियम निर्माण होऊ शकतो. हेलियम कोणाशी संयोग पावत नाही, धातूत विरघळतही नाही. म्हणून तो रिकाम्या जागा शोधतो, तेथे ठाण मांडतो आणि त्याचे बुडबुडे बनतात. हायड्रोजनचा स्वभाव याच्या उलट आहे. तो धातूत सहज शिरतो, वेगाने फिरतो आणि जेथे ताण अधिक किंवा उष्णता कमी, तेथे गोळा होतो. दोहोंचा परिणाम मात्र एकाच दिशेने होतो. जो धातू वाकला असता, तो तडकतो.

१९६७ साली ब्रिटनमधील डाउनरे येथील जलदगती अणुभट्टीतून काढलेल्या पोलादात कॉथॉर्न आणि फुल्टन या संशोधकांना सूक्ष्म पोकळ्या आढळल्या. पोलाद आतून फुगले होते. पुढे काही प्रकारच्या पोलादांत ही फुगवट आकारमानाच्या शेकडा दहाच्याही वर जाते असे दिसून आले. कोणत्याही अभियंत्याने ही गोष्ट आपल्या हिशेबात धरलेली नव्हती. जैतापूरच्या जातीच्या भट्टीतील दाबपात्रावर न्यूट्रॉनचा मारा जलदगती भट्टीच्या मानाने फार कमी असतो आणि तेथे प्रश्न फुगवटीचा नसून ठिसूळपणाचा आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. दोहोंची गल्लत करून भीती घालणे हे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु डाउनरेचा धडा दोहोंना लागू आहे. धातूविषयी जे माहीत नव्हते, ते प्रत्यक्ष तुकडा कापून पाहिल्यावरच कळले.

संगणकाचे सामर्थ्य

धातूच्या आत चालणारी ही घडामोड कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला घडत असताना टिपता येत नाही, इतकी ती जलद असते. म्हणून संगणकाचा आश्रय घेणे भाग पडले. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत व्हिनयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली तांब्याच्या पाचशे ते हजार अणूंचा एक काल्पनिक स्फटिक संगणकात उभा केला, त्यातील एका अणूला धक्का दिला आणि पुढे काय होते ते न्यूटनच्या गतिनियमांनी मोजले. पदार्थाचे मॉडेल, म्हणजेच प्रतिमान, या शब्दाला तेव्हापासून नवा अर्थ आला. १९६४ च्या सुमारास वॉल्टर कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदार्थातील इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून त्याची ऊर्जा काढण्याचा मार्ग घालून दिला. त्या कामासाठी कोन यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८३ साली सँडिया प्रयोगशाळेतील डॉ आणि बास्केस यांनी धातूतील अणूंच्या परस्पर आकर्षणाचे एक सुटसुटीत सूत्र तयार केले. त्यांच्यापुढे असलेला मूळ प्रश्न हायड्रोजनमुळे धातू ठिसूळ का होतो, हाच होता.

भारत या क्षेत्रात मागे राहिलेला नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात किरणोत्साराने धातूंत होणाऱ्या बिघाडांचा अभ्यास कित्येक दशके चालू आहे. कल्पक्कमची जलदगती चाचणी भट्टी १९८५ साली कार्यान्वित झाली. अशा भट्ट्यांतील इंधननळ्यांसाठी टायटॅनियम घातलेले पोलाद घेतले जाते. त्यातील टायटॅनियम कार्बाइडचे सूक्ष्म कण हेलियमला विखरून अडकवतात आणि मोठे बुडबुडे होऊ देत नाहीत. वायूला हाकलता येत नसेल तर त्याला निरुपद्रवी ठिकाणी बसवावे, ही यामागील कल्पना आहे. शक्तिशाली संगणक परदेशातून मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा पुण्याच्या ‘सी-डॅक’ने ‘परम’ आणि भाभा केंद्राने ‘अनुपम’ हे महासंगणक येथेच घडविले. दोन्हींचा आरंभ १९९१ चा आहे. तेव्हा संगणकीय अनुमान ही परकीयांची जादू असून तिच्यापुढे मान तुकविण्यावाचून गत्यंतर नाही, असे मानण्याचे कारण नाही.

आकड्यांच्या मर्यादा

परंतु सामर्थ्याबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत आणि त्या सांगण्यात बहुधा कसूर होते. पहिली मर्यादा आकाराची. दहा लाख अणूंचे प्रतिमान ऐकावयास भव्य वाटते. पण लोखंडाच्या दहा लाख अणूंचा ठोकळा बाजूला अवघा २३ नॅनोमीटर भरतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा सुमारे तीन हजारावा भाग. दाबपात्राच्या भिंतीची जाडी सेंटिमीटरांत मोजावी लागते. दुसरी मर्यादा काळाची. अणूंची हालचाल पाहावयाची तर प्रत्येक पाऊल एका सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही दशलक्षांश भागाचे टाकावे लागते. अशी दहा लाख पावले टाकल्यावर एक नॅनोसेकंद पुरा होतो. एक नॅनोसेकंद सेकंदाच्या तुलनेत जेवढा क्षुद्र, तेवढाच एक सेकंद ३२ वर्षांच्या तुलनेत क्षुद्र आहे. साठ वर्षांचा पल्ला गाठण्यासाठी संगणकाला मधल्या पायऱ्या गाळाव्या लागतात, सरासरी घ्यावी लागते, निरनिराळ्या गणितांची साखळी जोडावी लागते. या साखळीच्या प्रत्येक कडीत काही गृहीत धरलेले असते.

गृहीतातील लहानशी चूक किती महागात पडू शकते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अणूला एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारण्यासाठी जो चढ चढावा लागतो, त्याची उंची इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजतात. ही उंची मोजण्यात एक दशांश व्होल्टची चूक राहिली, तर ३०० अंश सेल्सिअस तापमानाला उड्यांचा वेग साडेसात पटींनी चुकतो. साध्या खोलीच्या तापमानाला तीच चूक जवळजवळ पन्नास पटींची होते. समजा एखाद्या भागाचे आयुष्य केवळ या एका वेगावर अवलंबून आहे आणि हिशेबाने ते साठ वर्षे येते. चढाची खरी उंची एक दशांशाने कमी निघाली, तर ते आठ वर्षांवर येईल. प्रत्यक्षात कोणताही जबाबदार अभियंता एकाच वेगावर विसंबत नाही आणि हिशेबात सुरक्षिततेची भरपूर सूट ठेवतो. तरीही या विद्येतील आकडा हा बँकेच्या पासबुकातील शिलकेसारखा नसतो. तो हवामानाच्या अंदाजासारखा असतो, आणि अंदाजाबरोबर त्याची अनिश्चितता सांगितली नाही तर तो अपुरा राहतो.

बेल्जियमचा धडा

हे केवळ तात्त्विक आक्षेप नाहीत, हे बेल्जियममधील एका प्रकरणाने दाखवून दिले. डूल-३ आणि तिहांज-२ या तेथील अणुभट्ट्या १९८० च्या दशकाच्या आरंभापासून चालू होत्या. २०१२ साली ध्वनितरंगांच्या साहाय्याने त्यांच्या दाबपात्रांची तपासणी झाली, तेव्हा एकात सुमारे आठ हजार आणि दुसऱ्यात सुमारे दोन हजार दोष आढळले. पुढे अधिक सूक्ष्म तपासणीत हे आकडे अनुक्रमे १३ हजार आणि ३ हजार यांच्या वर गेले. पोलाद घडवितानाच त्यात अडकून राहिलेला हायड्रोजन या सूक्ष्म भेगांना कारणीभूत होता, असा निष्कर्ष निघाला. भट्ट्या तीस वर्षे चालल्या आणि एवढ्या काळात या गोष्टीचा कोणालाही पत्ता नव्हता.

यानंतर जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. कंपनीने गणित मांडले, दोष निरुपद्रवी असल्याचा निर्वाळा दिला आणि २०१३ साली नियंत्रण संस्थेने भट्ट्या सुरू करू दिल्या. तथापि एक अट घातली होती. हायड्रोजनचे असेच दोष असलेल्या पोलादाचे नमुने संशोधन-भट्टीत ठेवून, त्यांवर न्यूट्रॉनांचा मारा करून ते प्रत्यक्ष तोडून पाहावयाचे होते. मार्च २०१४ मध्ये निकाल आला. नमुने सूत्राने वर्तविल्यापेक्षा अधिक ठिसूळ झाले होते. दोन्ही भट्ट्या तत्काळ थांबविण्यात आल्या. देशोदेशींचे तज्ज्ञ बोलाविण्यात आले, अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेकडून स्वतंत्र हिशेब करवून घेण्यात आला, तो नमुना अपवादात्मक होता की काय याची छाननी झाली, नवे नमुने तपासले गेले आणि सुरक्षिततेची सूट वाढवून नोव्हेंबर २०१५ मध्ये पुन्हा परवानगी देण्यात आली. तज्ज्ञांचे अहवाल लोकांसाठी प्रसिद्ध करण्यात आले. तेथील धोरणानुसार डूल-३ ही २०२२ मध्ये आणि तिहांज-२ ही २०२३ मध्ये कायमची बंद झाली.

या प्रकरणातून अणुऊर्जेचे विरोधक आणि समर्थक दोघेही आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात. विरोधक म्हणतात, हजारो भेगा होत्या. समर्थक म्हणतात, अपघात झाला नाही. खरा धडा वेगळाच आहे. गणिताने एक सांगितले, धातूने दुसरे सांगितले, तेव्हा नियंत्रकाने धातूचे ऐकले आणि आपण काय ऐकले ते लोकांना कळविले. पुन्हा परवानगी देण्याचा निर्णय बरोबर होता की नाही याविषयी मतभेद असू शकतील, परंतु ते व्यक्त करण्यासाठी लागणारी माहिती तेथील नागरिकापाशी होती.

जैतापूरशी याहूनही जवळचे नाते असलेले उदाहरण फ्रान्समधील फ्लामानव्हिलचे आहे. तेथील भट्टी जैतापूरच्याच जातीची. तिच्या दाबपात्राच्या झाकणात आणि तळात कर्बाचे प्रमाण काही ठिकाणी ठरविलेल्या शेकडा ०.२२ ऐवजी ०.३० पर्यंत गेल्याचे फ्रान्सच्या अणुनियंत्रण संस्थेने एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केले. प्रचंड आकाराचा पोलादी लगडा थंड होताना त्यात कर्ब सारखा पसरला नाही, हे त्याचे कारण. त्याच रीतीने घडविलेले दुसरे भाग बळी देऊन, त्यांचे तुकडे कापून चाचण्या घेण्यात आल्या. त्यानंतर पात्र वापरण्यास अनुमती मिळाली, परंतु झाकण ठरावीक मुदतीनंतर बदलण्याची अट घातली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये ही भट्टी वीजजाळ्याला जोडली गेली. येथेही संगणकाच्या हिशेबाला कापलेल्या पोलादाची साक्ष जोडावी लागली.

किसाचे महत्त्व

आपल्या देशातील अणुउद्योगाला हे तत्त्व अपरिचित आहे असे नव्हे. भारतातील जडपाण्याच्या भट्ट्यांत इंधन झर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत बसवितात. याच प्रकारच्या कॅनडातील पिकरिंग येथील भट्टीत १ ऑगस्ट १९८३ रोजी अशी एक नळी सुमारे दोन मीटर लांब फाटली. पाण्यातून नळीत शिरलेला हायड्रोजनवर्गीय वायू बाहेरच्या थंड नळीला टेकलेल्या ठिकाणी गोळा झाला होता आणि तेथे धातूला जणू फोड आले होते. राजस्थान आणि कल्पक्कम येथील जुन्या भट्ट्यांतही त्याच धातूच्या नळ्या होत्या. त्या पुढे बदलण्यात आल्या. भाभा केंद्राच्या अभियंत्यांनी नळी न काढता तिच्या आतून धातूचा पातळ कीस काढून त्यातील हायड्रोजन मोजण्याचे तंत्र विकसित केले. नारळ न फोडता खोबरे चाखण्यासारखी ही करामत आहे आणि तिचे कौतुक झाले पाहिजे. संगणक म्हणतो वायू इतका असेल. कीस सांगतो तो इतका आहे. दोन आकडे शेजारी मांडले की प्रतिमानाची किंमत कळते.

दाबपात्राच्या भट्ट्यांतही अशी व्यवस्था असते. पात्राच्याच पोलादाचे लहान नमुने आत ठेवतात, काही वर्षांनी एकेक काढून तोडतात आणि पोलाद किती ठिसूळ झाले ते पाहतात. हे नमुने म्हणजे भट्टीच्या आयुष्याची खरी जबानी. प्रश्न एवढाच आहे की, ही जबानी कोणापुढे नोंदविली जाते?

जिल्ह्याचा पूर्वानुभव

या प्रश्नाला रत्नागिरीत विशेष धार आहे, कारण बंद दाराआडच्या हिशेबाची किंमत या जिल्ह्याने एकदा मोजली आहे. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाचा करार १९९३ साली झाला. विजेची मागणी इतकी वाढेल आणि ती या दराने घेतली जाईल, या अनुमानावर तो उभा होता. जागतिक बँकेने त्याच वर्षी प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे मत देऊन कर्ज नाकारले होते. कराराची कलमे बराच काळ लोकांपुढे आली नाहीत. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी या व्यवहाराची चिकित्सा करून निर्णय घेण्याच्या पद्धतीवर कठोर टीका केली. मागणीचे प्रतिमान आणि धातूचे प्रतिमान यांत शास्त्रीय साम्य काहीच नाही. तथापि गृहीते झाकून ठेवली की चूक वेळेवर सापडत नाही, हा नियम दोन्हीकडे सारखाच चालतो.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हे विषय सामान्य माणसाला कळणारे नाहीत. आकडे प्रसिद्ध केले तर अफवा मात्र पसरतील. हा आक्षेप नवा नाही. अर्थसंकल्पाविषयी, धरणांविषयी, लसींविषयी तो पूर्वी घेतला गेला आहे. सर्वांना सर्व कळले पाहिजे, असा आग्रह कोणीच धरीत नाही. जिल्ह्यातील काही शेकडा माणसांना ते वाचता आले आणि उरलेल्यांना त्या माणसांवर विश्वास टाकता आला, तरी पुरेसे आहे. अफवा माहितीने पसरत नाहीत, माहितीच्या अभावाने पसरतात. दुसरा आक्षेप व्यापारी गुपितांचा. यात तथ्य आहे. पोलाद घडविण्याची कृती कंपनीने लपवावी. तिच्यावर तिचा हक्क आहे. पण घडलेले पोलाद किती ठिसूळ झाले, हिशेबाने किती होईल असे सांगितले होते आणि दोहोंत अंतर किती पडले, हे गुपित असू शकत नाही. त्या अंतरावर भट्टीच्या परिसरातील गावांचे जीवित अवलंबून आहे.

प्रकल्पाच्या विरोधकांनाही येथे एक गोष्ट सुनावणे आवश्यक आहे. ‘संगणकाचे आकडे आहेत, म्हणजे खोटे आहेत’ हा युक्तिवाद ‘संगणकाचे आकडे आहेत, म्हणजे खरे आहेत’ या युक्तिवादाइतकाच पोकळ आहे. धातूतील बिघाड आणि वायू यांचे गणित ही गेल्या साठ-पासष्ट वर्षांतील मानवी बुद्धीची एक मोठी कमाई आहे. तिची थट्टा करून कोणाचेच संरक्षण होणार नाही. तिला योग्य प्रश्न विचारता आले, तर मात्र होईल.

महाविद्यालयांचे काम

प्रश्न विचारण्याचे शिक्षण कोठे मिळावयाचे? रत्नागिरीत गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे, तंत्रनिकेतन आहे. ब्रुकहेवनच्या संशोधकांना १९६० साली ज्यासाठी त्या काळातील एक बलाढ्य संगणक लागला, ते काम आज महाविद्यालयातील साध्या संगणकावर होते. सँडिया प्रयोगशाळेने तयार केलेला ‘लॅम्प्स’ हा अणूंच्या हालचालींचा संगणकीय कार्यक्रम कोणालाही विनामूल्य मिळतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने तांब्याच्या काही हजार अणूंचा स्फटिक रचावा, त्यातील एक अणू काढून टाकावा आणि ती रिकामी जागा निर्माण होण्यास किती ऊर्जा लागली ते काढावे. प्रयोगाने मिळालेला आकडा सुमारे १.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. अणूंच्या आकर्षणाचे एक सूत्र घेतले तर उत्तर त्याच्या जवळ येईल, दुसरे घेतले तर दूर जाईल. एका दुपारच्या या प्रयोगातून विद्यार्थ्याला जे कळेल, ते शंभर भाषणांतून कळणार नाही. संगणक खोटे बोलत नाही, पण त्याला जे सांगितले तेवढेच तो बोलतो, ही गोष्ट त्याच्या अनुभवाची होईल.

असे शिकलेले पन्नास विद्यार्थी दरवर्षी या जिल्ह्यातून बाहेर पडू लागले, तर त्यांतील काही तुर्भ्याला किंवा कल्पक्कमला जातील, काही शाळांत शिकवतील आणि काही राजापूर-लांज्याच्या कचेऱ्यांत नोकरी करतील. जनसुनावणीच्या वेळी प्रकल्पाच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहून ‘या चढाची उंची कोणत्या प्रयोगावरून घेतली?’ असे शांतपणे विचारणारा माणूस मग गावातच असेल. अधिकाऱ्यालाही असा श्रोता मिळणे हिताचे आहे. घोषणांना उत्तर देता येत नाही, प्रश्नांना देता येते.

शासनाने आणि अणुऊर्जा महामंडळाने जैतापूरविषयी पुढील कोणताही करार करण्यापूर्वी तीन गोष्टी मान्य करावयास हव्यात. दाबपात्राच्या आयुष्याचे अनुमान ज्या गृहीतांवर केले, ती गृहीते आणि त्यांची अनिश्चितता मराठीत प्रसिद्ध करावी. पात्राचे पोलाद घडविताना घेतलेल्या चाचण्या आणि पुढे आतून काढलेल्या नमुन्यांचे निकाल हिशेबाच्या आकड्यांशेजारी मांडून वेळोवेळी जाहीर करावेत. आणि हिशेबाची पडताळणी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या, शक्यतो एखाद्या विद्यापीठातील गटाकडून करवून घ्यावी. यांपैकी एकही मागणी प्रकल्पाच्या बाजूची नाही आणि विरोधातीलही नाही. प्रकल्प होवो अथवा न होवो, ती करण्याचा अधिकार माडबन, मिठगवाणे आणि साखरी नाटे येथील नागरिकांना आहे. पोलादात काय अडकले आहे हे तीस वर्षांनी कळण्याची वेळ बेल्जियमवर आली. ते पहिल्याच दिवशी विचारण्याची संधी रत्नागिरीपाशी अजून आहे.